आपांनी पाणी तोडलं

उदगिरात हल्ली कुणाच्या दारातली तुळस वाळली की शेजारीपाजारी हसून विचारतात, "काय ओ, आपांनी पाणी तोडलं काय?" नळाला पाणी आलं नाही तरी हाच विनोद. परवा भाजीवाल्यानं सुकलेली मेथी माझ्या पिशवीत कोंबली आणि वर हेच वाक्य ऐकवलं. मी जुडी त्याच्या पाटीत परत आपटली आणि चालता झालो. बायको म्हणते, तुमचं डोकं लई लवकर तापतं. तापतं! ज्या बाईवर हा विनोद चाललाय तिला मी बरीच वर्षं जवळून पाहिलंय. आणि विनोद करणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या शेतात दर हिवाळ्याला पाणी तोडलं जातं, हेही मला ठाऊक आहे.

शमीम आपा आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, मी इतिहास. त्यांचं घराणं गावातलं जुनं, पिढ्यानपिढ्या अत्तर आणि मेंदीचा व्यापार. आपांना मात्र अत्तराचा वास आला की शिंका सुरू व्हायच्या. स्टाफरूममध्ये कुणी सेंट मारून आलं की त्या डबा घेऊन सरळ बाहेर, कडुनिंबाखाली. डब्यात बहुतेक वेळा सुशीला असायचा, मुरमुऱ्याचा, वरून दाण्याचं कूट मारलेला. उंच, वाळकी अंगकाठी, सुती साडी, डोक्यावरून पदर, आणि पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. चष्मा दोरीनं गळ्यात लटकलेला, कारण चष्म्याच्या डबीत चष्मा मावायचा नाही. डबीत छाटणीची कात्री होती. प्राचार्यांच्या बंगल्यासमोरून जाता जाता तिथल्या जास्वंदीची वाळकी फांदी त्या न विचारता कापायच्या आणि प्राचार्य खिडकीतून बघतायत म्हटल्यावर त्यांनाच ओरडायच्या, "बघून काय राहिलात? खाली येऊन कचरा उचला!"

माणसाला त्या नावानं हाक मारत नसत, गावाच्या नावानं मारत. मी रुजू झालो त्या दिवशी त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, "गाव कोणतं?"

"मुखेडच्या बाजूला, मॅडम. पण माझं नाव..."

"नाव तुमच्या आईबापानं ठेवलं, त्यात तुमचं काय? गाव सांगितलं की माती कळते. मुखेड म्हणजे मुरमाड. पाणी धरत न्हाई. तुमचा राग पण टिकायचा न्हाई."

त्या दिवसापासून मी मुखेडकर झालो. आणि मॅडम म्हटलेलं त्यांना चालत नसल्यामुळं मीही सगळ्या गावासारखं आपा म्हणायला लागलो. रागाबद्दलचा त्यांचा अंदाज मात्र साफ चुकला.

गावाबाहेर बिदर रस्त्याच्या अंगाला अनारबाग आहे. आहे म्हणायची सवय, बाकी काही नाही. निजामाच्या काळात कुणा जहागीरदारानं ती लावली होती. चारी बाजूंनी दगडी भिंत, एका कोपऱ्यात पायऱ्यांची बारव, बारवेपासून निघालेले दगडी पाट, मधोमध हौद, हौदाच्या चहूबाजूंनी अनारच्या म्हणजे डाळिंबांच्या ओळी, मेंदीचं कुंपण, आणि मागच्या अंगाला खिरणी नि चिंचेची थोराड झाडं. हे सगळं मी आपांच्या तोंडून ऐकलं होतं. प्रत्यक्षात मी पहिल्यांदा आत गेलो तेव्हा वेड्या बाभळीशिवाय काही दिसत नव्हतं. हौदात म्हशी बसलेल्या, पाटांत बाटल्या. मी म्हटलं, "आपा, इथं बाग कुठाय?" त्यांनी खुरप्यानं एका खोडाच्या बुडाशी माती उकरली, बोटाएवढं मूळ तोडलं, नाकाशी धरलं आणि माझ्याही नाकाशी आणलं. "वास घ्या. जिवंत हाय."

मला मातीचाच वास आला. पण त्या चेहऱ्यापुढं नाही म्हणायची माझी काय बिशाद!

निवृत्त झाल्यावर त्यांनी ती बाग उकरायला घेतली. बाग सरकारी मालकीची, देखभाल कुणाचीच नाही. ऑफिसांचे जिने झिजवून त्यांनी ती गावातल्या एका समितीकडे मागून घेतली. समितीचा अध्यक्ष अप्पाराव. हा आपांचा जुना विद्यार्थी, बी-बियाण्यांचा दुकानदार आणि गावच्या तळ्याच्या वरच्या अंगाला स्वतःची डाळिंबाची मोठी बाग असलेला कुणबी गडी. त्याला आपा कधीच कंधारकर म्हणाल्या नाहीत, जरी तो मूळचा कंधारचा होता. पोटच्या पोरासारखं नुसतं "अप्पाराव" आणि अरे-तुरे. हे मुद्दाम सांगतोय.

बाग परत उभी करायची म्हणजे काय करायचं, यावर आमच्या पहिल्या बैठकीत जो तो आपापलं स्वप्न सांगून मोकळा झाला. कुणाला कारंजं हवं होतं, कुणाला झोपाळे, कुणाला प्रवेशद्वारावर मोठं डाळिंब, सिमेंटचं, रात्री आतून दिवा लागणारं. आपा सगळं ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "नवं काहीच आणायचं न्हाई. जे हाय त्याला इचारायचं."

आणि खरंच त्यांनी तसंच केलं. वेडी बाभूळ मुळासकट काढली. पाट साफ केले आणि जिथं फुटले होते तिथं सिमेंट न लावता चुना मळून सांधले. सिमेंटवाला मिस्त्री चुन्याला नावं ठेवायला लागला तेव्हा त्याला म्हणाल्या, "बाळा, तू बांधलेल्या टाकीला गळती लागून तुझी बायको खाली बादल्या लावते हे अख्ख्या गल्लीला माहीत हाय." मिस्त्री चुना मळायला बसला. जुन्या डाळिंबांची खोडं मेली होती पण बुडातून फुटवे आले होते. त्या फुटव्यांना वाढवून, त्यांच्या फांद्यांवर आपांनी गुट्या बांधल्या, म्हणजे फांदीची साल कडं करून सोलायची, ओलं शेवाळ गुंडाळायचं आणि मुळं फुटली की फांदी कापून लावायची. अशा रीतीनं त्याच जुन्या झाडांच्या पोटची रोपं त्यांनी मोकळ्या ओळींत भरली. नर्सरीतलं चकचकीत वाण फुकट मिळत असताना. मी विचारलं, एवढा खटाटोप कशाला? तर म्हणाल्या, "तुम्ही इतिहासवाले ना? मग जुन्या कागदाच्या जागी नवा छापून ठेवा की. कोण बघतंय!"

त्यांचा एक कायदा होता. बारवेत जेवढं पाणी, तेवढीच बाग. एका दानशूर शेठनं बागेला बोअर पाडून द्यायची तयारी दाखवली, वर आपल्या वडिलांच्या नावाची पाटी. आपांनी हात जोडले. "शेठ, बारवेनं इतकी वर्षं ही बाग पोसली. आता सवत कशाला आणता?" शेठ रुसला तो रुसलाच. अप्पाराव कपाळावर हात मारून माझ्याकडं बघत होता.

आणखी एक गोष्ट. बाग नीट दिसायला लागली तशी लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी यायला लागली. एकदा देगलूरचा एक नवरा मुलगा शेरवानी घालून आला. फोटोसाठी त्यानं डाळिंबाची फांदी वाकवली, आणि एक लाल टपोरं फूल तुटून खाली पडलं. आपा चिंचेखाली डबा खात होत्या. डबा झाकून शांतपणे आल्या. फूल उचलून त्याच्या तळहातावर ठेवलं.

"हे काय हाय?"

"फूल, मावशी."

"डाळिंब हाय. तू आत्ता एक डाळिंब मारलंस. घे खुरपं."

आणि शेरवानीसकट त्याला त्या झाडाभोवती आळं करायला लावलं. आळं बुंध्याशी नाही, फांद्यांची सावली जिथं संपते तिथं, गोल. नवरी हसून हसून खाली बसली. फोटोवाला हुशार, त्यानं तेच फोटो काढले. नंतर कळलं, लग्नाच्या मंडपात दारातच तो फोटो लावला होता, घामाघूम नवरदेव आणि कमरेवर हात ठेवून उभी असलेली खवट म्हातारी. आपांना ते सांगितलं तर म्हणाल्या, "आळं नीट केलं होतं का पोरानं, ते दिसतं का फोटोत?"

पहिला तोडा सरकारी दवाखान्यात, ही त्या बागेची जुनी रीत. आपांच्या आजीनं ती पाहिलेली. जहागीरदाराची बाग होती तेव्हाही पहिली फळं हवेलीत जायच्या आधी दवाखान्यातल्या आजाऱ्यांना जायची म्हणे. आपांनी ती रीत परत चालू केली. बागेला पहिल्यांदा फळ धरलं त्या वर्षी आम्ही समितीचे लोक आशेनं पिशव्या घेऊन गेलो होतो. इतका घाम गाळला, एकेक तरी मिळेल! आपांनी सगळी फळं टोपल्यांत भरली आणि रिक्षा बोलावली. मी धीर करून म्हटलं, "आपा, आम्हाला?"

"आजारी पडा. मिळंल."

दवाखान्यात कुणी फोटो काढायला लागलं की त्या मोबाइलवर पदर टाकायच्या. खाटेखाटेला जाऊन स्वतःच्या हातानं फळ ठेवायच्या आणि पेशंटच्या नातेवाइकांना दम भरायच्या, "त्याचं हाय, तुमचं न्हाई." सत्काराच्या शाली त्यांना पुष्कळ मिळायच्या, तेवढ्या बाबतीत आमचं गाव उदार आहे. त्या सगळ्या शाली आपांनी खताच्या खड्ड्यावर अंथरल्या होत्या. ऊब राहते म्हणाल्या, खत लवकर कुजतं.

आता पाणी तोडण्याचं सांगतो, कारण सगळं तिथंच येऊन थांबतं.

डाळिंबाला बहार धरायचा तर आधी झाडाला ताण द्यावा लागतो. हिवाळ्यात पाणी बंद करायचं, म्हणजे तोडायचं. झाडाची पानं पिवळी पडतात, गळतात, बाग भुंडी दिसते. नवख्याला वाटतं, मेलं झाड. ते मेलेलं नसतं, विसावलेलं असतं, आत साठवून ठेवत असतं. मग थंडी सरताना छाटणी करून, खत घालून हळूहळू पाणी सुरू करायचं, की फुलं अशी फुटतात की झाड लालेलाल. हे आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. म्हणजे यात आपांचं काही गुपित नव्हतं, काही शोध नव्हता. अप्पारावच्या बागेतही हेच, लातुरापासून नांदेडपर्यंत ज्याच्या ज्याच्या शेतात डाळिंब आहे त्याच्याकडं हेच.

त्या हिवाळ्यात आपांनी नेहमीसारखं पाणी तोडलं, पाटाच्या तोंडाशी दगड लावला. पानं गळायला लागली होती. आणि निरोप आला की कुणी मोठे पाहुणे येणार, बागेचं लोकार्पण करणार. पुढं बाग ठेकेदाराला देणार, अशीही बोलवा होती. लोकांची बाग लोकांनीच उकरलेली, ती परत लोकांना अर्पण करायला पाहुणा कशाला, हा प्रश्न विचारायचा नसतो.

अप्पाराव आपांच्या घरी आला. मी तिथंच होतो, चहा घेत.

"आपा, पाणी सोडावं लागंल. पाहुणे येणार अन् बाग अशी भुंडी? लोक काय म्हणतील?"

"पानं गळून राहिली, दिसतंय ना तुला? आता पाणी सोडलं तर काय होतं ते तूच सांग ह्या मुखेडकरला."

अप्पाराव माझ्याकडं बघेना. "नुसता पाला फुटंल. फुल न्हाई धरणार."

"अन् ही काळी माती. टँकरचं पाणी भरभरून ओतलं तर?"

"मर लागंल. मुळं कुजून झाड जाईल."

"तुझ्या शेतात पाहुणा आला तर ताणावरच्या बागेला पाणी सोडतोस काय रे?"

"ते शेत हाय आपा," अप्पाराव म्हणाला, "हे गार्डन हाय."

मी चहाचा कप खाली ठेवला. इतकी वर्षं इतिहास शिकवला, राज्यं कशी बुडाली ते घोकून घेतलं पोरांकडून, पण इतकं नागडं कारण मी कधी ऐकलं नव्हतं.  आपा दखनीत एवढंच म्हणाल्या, "नक्को बोली ना मैं. उठ."

तरी टँकर आलेच. गावात बायका रिकाम्या घागरी घेऊन टँकरची वाट बघत होत्या आणि टँकर अनारबागेत. मोकळ्या जागांवर रातोरात हिरवळीचे तयार तुकडे आणून अंथरले, त्यांना पाणी, मेंदीच्या कुंपणाला पाणी, आणि डाळिंबांना बुंध्यापर्यंत तळं साचेस्तोवर पाणी. आपा सकाळी आल्या आणि पाटाच्या तोंडाशी त्यांनी लावलेला दगड उचलून बाजूला ठेवलेला पाहिला. तिथंच बसल्या. मला वाटलं, आता ह्या बाईचा आवाज बिदरपर्यंत जाणार. पण कार्यक्रम सांभाळणारे एक साहेब आधीच त्यांच्याजवळ येऊन उकिडवे बसले होते. गोड बोलणारा माणूस. म्हणाले, "आपा, झालं ते झालं. आज एवढं सांभाळून घ्या. स्टेजवर चार शब्द चांगले बोला, झाडाला पाणी घालायचंय तेवढं घाला. पुढं बाग तुमच्या समितीकडंच राहील. ठेकेदार येणार नाही. माझा शब्द."

आपांनी पलीकडच्या हिरवळीकडं बोट केलं.

"मग ही हिरवळ काढायची."

"उद्याच काढू."

"अन् पाणी बंद."

"तुम्ही म्हणाल तसं."

लोकार्पण झालं. भाषणं झाली. आपांच्या खांद्यावर शाल आली. आणि मग फोटोवाल्यांच्या गर्दीत त्यांच्या हातात एक पितळी झारी दिली, पाहुण्यांबरोबर झाडाला पाणी घालायला. आपा झारी धरून उभ्या राहिल्या. मी अगदी समोर होतो. मला खात्री होती, ही बाई आता झारी फेकणार, नाहीतर त्या पाण्यानं हात धुणार. मी मनातल्या मनात म्हणतही होतो, फेका आपा, फेका! पण त्यांनी झारी वाकवली. आधीच चिखल झालेल्या आळ्यात त्यांच्या हातानं पाणी पडलं, टाळ्या झाल्या. ज्या बाईनं फोटो काढणाऱ्यांच्या मोबाइलवर पदर टाकले तिचा तो फोटो दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाच्या मोबाइलवर होता. शाल त्या खुर्चीवरच विसरल्या. खताच्या खड्ड्यापर्यंतही ती पोचली नाही.

परत येताना मी विचारलं, "घातलं कशाला?"

"बाग राहायची होती, मुखेडकर," त्या म्हणाल्या. "एका बहारासाठी सगळी बाग कुठं घालवू?"

पुढचं सांगायला जिभेला कडू लागतं. शब्द देणारे साहेब बदलून गेले. हिरवळ काढली नाहीच, उलट वाढवली. हिरवळीला रोज पाणी लागतं, म्हणून फवारे बसले, फवाऱ्यांना बारव पुरेना, म्हणून बोअर पाडला, आणि बोअरनं बारवेचं पाणी ओढून घेतलं. त्या वर्षी डाळिंबांना नुसता पाला फुटला, लुसलुशीत, पाहुण्यांना आवडेल असा. फूल औषधालाही नाही. पहिला तोडा कुठून येणार? दवाखान्यातल्या एका आयाबाईनं मला रस्त्यात विचारलं, यंदा आपा आल्या न्हाईत? मग बुडाशी सतत ओल राहून मर लागली. एकेक झाड शेंड्याकडून पिवळं पडत गेलं. आपा रोज जायच्या, मूळ काढून नाकाशी धरायच्या. एक दिवस त्यांनी मूळ हुंगलं आणि माझ्या नाकाशी न आणता टाकून दिलं. त्यानंतर त्यांनी हुंगायचं सोडलं.

झाडं मेल्यावर चौकशीची बैठक लागली. एका अधिकाऱ्यानं अहवाल वाचला. त्यात म्हटलं होतं, लोकार्पणाच्या आधी समितीच्या एका ज्येष्ठ सदस्यानं बागेचं पाणी जाणीवपूर्वक बंद ठेवलं होतं, त्यामुळे झाडं कमजोर होऊन पुढं दगावली. सबब बागेची देखभाल व्यावसायिक ठेकेदाराकडं द्यावी.

मी उठून बोललो. मला सांगण्यात आलं, सर, तुम्ही इतिहासाचे, हा तांत्रिक विषय आहे. त्या खोलीत समितीचे जेवढे लोक बसले होते त्यांतल्या बहुतेकांची शेती होती. डाळिंब, मोसंबी, पेरू. सगळ्यांना ताण माहीत. सगळे टेबलावरच्या बिस्किटांकडं बघत बसले होते. अडाणी असते तर मी त्यांना माफ केलं असतं!

आपा म्हणाल्या, "अप्पाराव, तू सांग ह्यांना."

अप्पारावनं कपातला चहा हलवला. ठेकेदाराला लागणारं खत-औषध त्याच्या दुकानातून जाणार होतं, असं लोक म्हणतात. खरं खोटं मला माहीत नाही, आणि कारण तेवढंच असतं तर बरं झालं असतं. मला वाटतं, त्याला नुसता वाईटपणा घ्यायचा नव्हता. तो म्हणाला, "आपा, आता जाऊ द्या ना. झालं ते झालं."

आपा उठल्या. दारापर्यंत गेल्या, वळल्या, आणि पहिल्यांदा त्याला म्हणाल्या, "बरंय, कंधारकर."

त्यानंतर त्या अनारबागेत गेल्या नाहीत. आता तिथं तिकीट आहे. सिमेंटचं मोठं डाळिंब आहे, आतून दिवा लागतो. परदेशी पाम आहेत, त्यांची सावली पडत नाही आणि त्यांच्यावर पाखरू बसत नाही. आणि गावानं अहवालातलं ते एक वाक्य तेवढं नीट पाठ केलं. आपांनी पाणी तोडलं म्हणून बाग मेली. किराणा दुकानदार तोंडावर म्हणायचा, "आपा, आमच्या तुळशीवर लक्ष नका ठेवू बरं का!" सगळे हसायचे. ज्या बाईनं प्राचार्याला कचरा उचलायला लावला, ती साखर घेऊन गुपचूप घरी जायची. मी कधी बरोबर असलो आणि तोंड उघडलं तर माझी बाही ओढायची. "जाऊ द्या, मुखेडकर. झारी माझ्याच हातात होती." मला त्यांचं ते गप्प बसणं सगळ्यांत जास्त लागलं. भांडल्या असत्या तर मी सुखानं झोपलो असतो.

श्रावणात त्या आजारी पडल्या. काळजाचं दुखणं, सरकारी दवाखाना, बायकांचा वॉर्ड. मी गेलो तेव्हा खिडकीजवळच्या खाटेवर टेकून बसल्या होत्या, हाताला सलाईन, चष्मा गळ्यात. चष्म्याची डबी उशाशी होती. मी उघडून बघितली नाही. मी जाऊन बसतोय न बसतोय तोच अप्पाराव आला. मागून एक गडी, डोक्यावर डाळिंबांचं क्रेट. फळं अशी की काय सांगू, एकेक नारळाएवढं, रंग चढलेला.

"आपा, आमच्या बागेची. पहिलाच तोडा. तुमच्यासाठी आणला." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी त्याच्याविषयी राग असूनही सांगतो. "यंदा बहार असा आला, आपा, की झाडाला टेकू द्यायला लागले."

आपांनी एक फळ हातात घेतलं, अंगठ्यानं दाबून पाहिलं.

"पाणी कधी तोडलं होतंस?"

अप्पाराव एकदम खुलला. गडी शेतकरीच शेवटी. "नेहमीच्या टायमाला आपा, तुमी शिकवल्यासारखं. मधीच पाव्हणे आले होते, बायको म्हणली थोडं तरी पाणी सोडा, लई उजाड दिसतंय. मी म्हणलं, अजाबात न्हाई. पाव्हणे गेले उडत!"

बोलून गेला आणि मग त्याला आपण काय बोललो ते कळलं. गडी क्रेट खाली ठेवून उभा.  

आपांनी फळ हातात तसंच धरून ठेवलं.  मग मला म्हणाल्या, "मुखेडकर, उठा. खाटेखाटेला एकेक. पेशंटच्या हातात द्या, नातेवाइकाच्या न्हाई."

मी क्रेट घेतलं. अप्पाराव म्हणाला, "आपा, तुमच्यासाठी..." त्यांनी त्याचं ऐकलंच नाही असं नाही. ऐकलं, आणि मान खिडकीकडं केली. तो गड्याला घेऊन निघून गेला. मी वॉर्डभर फिरलो. शेवटी क्रेट रिकामं झालं. आपांच्या खाटेवर त्यांच्या हातातलं तेवढं एक उरलं होतं. मी म्हटलं, "हे तुमचं. आता तर आजारी पडलात. आता तरी खा."

"मला न्हाई जाणार," त्या म्हणाल्या.

भेटीची वेळ संपली म्हणून सिस्टर हाकलायला लागली. दारातून मी मागं वळून पाहिलं. शेजारच्या खाटेवर मुखेडकडची एक नुकती बाळंत झालेली पोर होती, अंगात रक्त नाही म्हणून ठेवलेली, दिलेलं डाळिंब तिनं बाळाच्या दुपट्यात लपवलं होतं, बहुतेक घरी न्यायला. आपांनी कात्री काढून स्वतःचं फळ चिरलं होतं. सलाईनच्या हातानंच दाणे सोडवत होत्या, बोटं लाल झालेली, आणि मूठ तिच्यापुढं धरून दम भरत होत्या, "खा ग. माझ्यासमोर खा. दाणा चांगला हाय. ताणावरचा हाय."